एका सरणावर दोन जीव

आमच्या कॉलनीत कोणाकडे नातवंड झालं की पेढे घेऊन आलेली बाई दारातच सांगून टाकते, "सीझर झालं बरं का, पण दोघंही चांगले आहेत." मी पेढा घेते, छान झालं म्हणते आणि दार लावून घेते. नोकरीत असताना हा शब्द मी गाई-म्हशींच्या केसपेपरवर किती वेळा लिहिला असेल याला गणती नाही. अडलेल्या म्हशीचा मालक समोर हात जोडून उभा असायचा आणि मी त्याला सांगायचे, पोट कापून काढावं लागेल, सिझेरियन. त्याला शब्द कळत नसे, माझा चेहरा कळत असे. आता निवृत्त होऊन घरी बसले, तरी तो शब्द पेढ्याबरोबर आला की माझं तोंड कडू होतं. सुनेला वाटतं की सासूबाईंना गोड सोसत नाही. वाटू दे.

या शब्दाचा अर्थ आणि मूळ मी परभणीला पशुवैद्यकाच्या वर्गात ऐकलं. वर्गात मुली अशा मी आणि आणखी एक. प्रसूतिशास्त्राच्या सरांनी एकदा विचारलं, सिझेरियन हे नाव कुठून आलं? मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, रोमच्या सीझरवरून, त्याला आईचं पोट कापून काढलं होतं. सरांनी नकारार्थी मान हलवली. त्या काळात पोट कापलेली बाई वाचत नसे, आणि सीझरची आई तर तो मोठा होऊन लढाया मारत होता तेव्हाही हयात होती. सर म्हणाले, कापणे या अर्थाचं एक लॅटिन क्रियापद आहे, त्यावरून हे नाव आलं असावं. किंवा रोममध्ये एक जुना कायदा होता, त्यावरून. गरोदर बाई मेली तर पोटातलं मूल काढल्याशिवाय तिला पुरायचं नाही, असा तो कायदा. नक्की काय ते कोणालाच सांगता येत नाही. मेलेल्या बाईवर कसला कायदा लावता, असं म्हणून पोरं हसली. मी उभी राहिले आणि विचारलं, सर, कधी कापायचं हे त्या कायद्यात लिहिलं होतं का, जीव गेल्या गेल्या की सगळे जमल्यावर? सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, माहीत नाही म्हणाले आणि फळ्याकडे वळले. पोरं पुढे कितीतरी दिवस मला 'वकीलबाई' म्हणत होती. त्यांना काय सांगणार? रोम मी नकाशातसुद्धा धड पाहिलं नव्हतं, पण तो कायदा आमच्या घरात लागू होताना पाहिला होता.

आमचं गाव राणीसावरगावजवळच्या डोंगरात. घर म्हणजे दोन खणांची माळवदाची खोली, पुढे पत्र्याची पडवी आणि तिला लागून बोरीच्या काट्यांचं कुंपण, त्यात मेंढ्या. थोडीशी हलकी जमीन होती, तिच्यात ज्वारी आणि करडई. घराला मेंढ्यांचा वास होता, आमच्या अंगालाही होता. शाळेत पोरी माझ्याशेजारी बसताना नाक मुरडायच्या आणि डब्यातला ठेचा मात्र मागून खायच्या. सकाळी माय चुलीपुढे बसली की भाकरी थापण्याचा आवाज आणि कुंपणातला कोकरांचा कालवा एकदमच सुरू व्हायचा. पोरांना आणि कोकरांना सारखीच भूक लागते, असं माय म्हणायची. भाजक्या पिठाच्या येसराची आमटी, अंबाडीची भाजी, वर करडईचं कच्चं तेल, आणि मेंढ्या व्यायल्या की चिकाच्या वड्या. त्या वड्यांची चव माझ्या जिभेवर अजून आहे. परभणीत डेअरीवर खरवस मिळतो, तो मी एकदा आणला आणि मांजराला घातला.

आबा, म्हणजे माझे वडील, बोलायला जड. दिवसभर मेंढ्यांमागे राहिलेल्या माणसाला माणसांशी बोलायचं जिवावर येतं. पण त्यांचा हात फार हलका होता. मेंढी अडली की आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरून लोक त्यांना बोलवायला येत. कोपरापर्यंत तेल लावून ते आत हात घालत, डोळे मिटत आणि आडवं आलेलं कोकरू सरळ करून काढत. आणि एखादी मेंढी मरायलाच टेकली, पोटात पुरे दिवस भरलेलं कोकरू असलं, तर आबा थांबत नसत. पोटावर पंजा ठेवून बघायचे, आत हलायलं की सुरी मागायचे. मेंढीची मान टाकलेली असायची, डोळा उघडा असायचा, तोवर कोकरू बाहेर. माय त्याला पोत्यानं खसाखसा पुसायची आणि चुलीच्या उबेला ठेवायची. मी हे इतक्यांदा पाहिलं होतं की मला त्याचं काही वाटत नसे. आबा म्हणायचे, आय गेल्यावर पाणी प्यायला जाऊन यावं इतकी बी सवड नसती.

रुक्मा आत्या आबांची धाकटी बहीण. तिला परभणीच्या पल्याड झरीला दिली होती. तिकडची जमीन काळी, पाण्याखालची, घरात बैलजोडी, आणि आमच्यासारखी मेंढरं नाहीत. लग्न झाल्यावर ती पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या लुगड्याला मेंढ्यांचा वास येत नव्हता. मी तिला तसं म्हटलं तर खदाखदा हसली आणि मला कुंपणात ओढत नेऊन एका मेंढीला मिठी मारून आली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून थंडीच्या सुरुवातीला आबा तिला घेऊन आले. ती आली आणि घरातला आवाजच बदलला. ती दळताना गायची, भाकरी करताना मायला चिडवायची आणि आबांना तर असं छळायची की ते तोंडावर घोंगडं ओढून घ्यायचे. आबांना हसताना मी त्या महिन्याभरात जेवढं पाहिलं, तेवढं पुन्हा पाहिलं नाही.

तिचे पाय सुजले. मग हात, मग डोळ्यांखाली. सुईणबाई म्हणाली पोटुशीला सूज असतीच, मीठ कमी करा. पुढे नोकरीत मी एखाद्या गाभण गाईच्या मालकालाही असलं काही बोलू दिलं नाही, तिथल्या तिथे झापलं. पण तेव्हा आमच्या घरात कोणाला काय कळत होतं? एका सकाळी आत्या म्हणाली, डोकं फुटायलंय, डोळ्यापुढं चांदण्या दिसायल्यात. मायनं तिला पडवीत निजवलं, कपाळाला सुंठ लावली. ऊन वर आलं तसे तिला झटके सुरू झाले. दातखीळ बसली, तोंडाला फेस आला. कोणी कांदा फोडला, कोणी चप्पल हुंगवली. आबा राणीसावरगावच्या दवाखान्यात न्यायला शेजाऱ्याची बैलगाडी जुंपत होते. एक बैल जुवाखाली आला होता, दुसरा येत होता. तेवढ्यात मायनं हाक मारली. ती हाक ऐकून आबांनी कासरा तसाच सोडला. ते पडवीत आले तेव्हा आत्या गेली होती.

पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. खांबाला धरून मी उभी होते आणि मला कोणीही आत जा म्हटलं नाही. माय रडली नाही. तिनं आत्याच्या पोटावरचा पदर बाजूला केला आणि आबांकडे बघून म्हणाली, "आवो, मेंढीचं काडता, तसं हिचं काडा. लेकरू तरी ऱ्हाईल." सुईणबाईनं कानांवर हात ठेवले. किसन आज्जा, म्हणजे आबांचे चुलते, आमच्या भावकीत त्यांचा शब्द शेवटचा, ते ओट्यावर येऊन बसले होते. ते आवाज न चढवता आबांना म्हणाले, "मारुती, लेक दिली तवाच आपला हक सरला. ती झरीकराची हाय, पोटातलं बी त्येंचंच हाय. त्येंला इच्यारल्याबिगर तिच्या अंगाला सुरी लावलीस, तर उंद्या त्ये काय म्हणतील? जित्ती व्हती आन् भावानं फाडली म्हणतील."

हे खोटं नव्हतं, हे आज म्हातारपणी मलाही मान्य करावं लागतं. लोक तसं म्हणाले असते. पोलीसपाटलापर्यंत गेलं असतं, त्या घराशी कायमचं वाकडं आलं असतं. दिल्या घरी सुखी राहा, म्हणत आपण पोरगी देतो, आणि देतो म्हणजे पार हाडामांसासकट देतो. पण माय हटली नाही. तिनं आबांचा हात धरून खाली बसवलं आणि म्हणाली, हात ठिवून बगा, हलायलंय का तेवडं सांगा. आबांनी बहिणीच्या पोटावर पंजा ठेवला. कुंपणात कोकरं ओरडत होती. आबांनी डोळे मिटले होते. मेंढीच्या पोटावर ठेवत त्याहून किती तरी जास्त वेळ त्यांनी हात ठेवला. मग काढून घेतला आणि घोंगड्यात घातला. म्हणाले, "न्हाई. आत बी शांत हाय." तेव्हा मायनं पहिला हंबरडा फोडला.

झरीला सांगावा घेऊन गावातला एक माणूस निघाला. सायकलीनं राणीसावरगाव, तिथून एसटीनं गंगाखेड, मग परभणी, मग झरी. वाट लांबची. म्हणजे आत्याचा नवरा दुसऱ्या दिवशीच येणार होता. घरात चूल पेटली नाही. शेजारणीनं पिठलं-भाकरी आणून ठेवली, ती आम्ही पोरांनी खाल्ली, आणि मला लाज वाटेल इतकी भूक होती. आत्याला पडवीत भिंतीशी टेकवून बसवली होती. लुगड्याखाली तिचं पोट तसंच मोठं दिसत होतं. मला सारखं वाटत होतं की ते आता हलेल. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवायचे आणि पुन्हा बघायचे.

दुसऱ्या दिवशी उन्हं तापायच्या आत झरीचे मामा आले. आत्याच्या नवऱ्याला आम्ही मामा म्हणायचो. सोबत त्यांचा थोरला भाऊ. मामा म्हणजे मिसरूड फुटल्यावर थोड्या वर्षांतच लग्न झालेलं पोरगंच होतं ते. ते आत्यासमोर बसले आणि किती वेळ नुसते तिच्या पायांच्या बोटांकडे बघत राहिले. तिच्या पायांतली जोडवी सुजेमुळे रुतली होती. मग किसन आज्जांनी विषय काढला. पोटुशी बाई तशीच जाळायची नाही, लेकरू वेगळं करायचं, बाईला अग्नी आणि लेकराला माती. दोन जीव एका सरणावर जळत नाहीत, जाळले तर ती बाई भोवती फिरत राहते. हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक होतं. ते करायचं कोणी, हा प्रश्न होता. रीतीनं नवऱ्यानं करायचं, पण मामांच्या हातून पाण्याचा तांब्याही दोनदा सुटला होता. किसन आज्जा आबांकडे वळून म्हणाले, मारुती, तुज्या हाताला सवय हाय.

मामांनी मान वर केली. त्यांनी एकदा आज्जांकडे, एकदा आबांकडे पाहिलं आणि अगदी सरळ, रागाचा लवलेशही नसलेल्या आवाजात विचारलं, "काडायचंच व्हतं तर कालच का न्हाई काडलं, पाव्हणं? मी काय नगं म्हणलो असतो का?"

थोरला भाऊ खाकरला. किसन आज्जा जमिनीकडे बघून म्हणाले, तुमच्या परवानगीबिगर कसं करावं. आबा म्हणाले, आत काय हलत न्हवतं. मामा म्हणाले, मग ठीक हाय. ते 'ठीक हाय' ऐकून मला मामांचा इतका राग आला की काय सांगू. त्यांनी भांडायला हवं होतं, डोकं आपटायला हवं होतं, असं मला वाटत होतं. आता वाटतं, त्या पोराजवळ धरायला तेवढा एकच शब्द होता. तो आबांनी दिला आणि त्यानं धरला.

मेंढ्यांना घरातलं मरण कळत नाही. आदल्या दिवसापासून त्या कोंडलेल्या होत्या, म्हणून मायनं मला त्या घेऊन टेकाडावर पाठवलं. बायका मसणवटीत जात नाहीत, पण आमची मसणवट ओढ्याच्या काठाला, टेकाडाच्या बरोबर खाली. मी वर बोरीच्या सावलीत बसले होते. माणसं लहान दिसत होती, आवाज येत नव्हता. सरण रचून झालं होतं. त्याच्या अलीकडे चारजणांनी दोन धोतरं आडवी धरली होती आणि ते सगळे पाठ करून उभे होते. मामा लांब एका दगडावर बसले होते. धोतराच्या आड फक्त आबा गेले. माझ्यासमोर मेंढ्या खुशाल चरत होत्या, एकीच्या गळ्यातली घंटी वाजत होती. आबांना मेंढीच्या वेळी जेवढा वेळ लागे, त्याहून खूप जास्त वेळ लागला. मग ते बाहेर आले. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते त्यांनी कोणाकडे दिलं नाही. स्वतःच ओढ्याकडे घेऊन गेले आणि स्वतःच खड्डा केला. तो मुलगा होता की मुलगी, हे मला कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

घरी आल्यावर आबांनी राखेनं हात घासले. संध्याकाळी पुन्हा घासले. जेवायला बसले की उजवा हात ताटात घालायच्या आधी थांबायचे, मग डाव्या हातानं भाकरी मोडायचे. मायला ते दिसायचं. आधी काही दिवस ती त्यांच्याशी तुटक वागली, आणि मग हळूहळू मऊ झाली. शेजारणीला ती सांगायची, आवं, लेकरू तर तिच्यासंगंच गेलतं, ह्येनी हात ठिवून बगितलं की, ह्येंचा काय कसूर? त्या एका गोष्टीच्या आधारावर तिनं आबांना माफ केलं. माफ केलं म्हणजे तोंडानं बोलली नाही. पण त्यांच्या ताटात पुन्हा तेल वाढायला लागली, त्यांचं घोंगडं धुवायला लागली, आणि एकदा मी झोपलेय असं समजून त्यांच्या त्या हाताला तेल चोळताना मी तिला पाहिलं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या शहाण्यांनी मला सांगू नये की खेड्यातल्या नवरा-बायकोत प्रेम नसतं.

मात्र आबांनी मेंढीच्या पोटाला हात लावणं सोडलं. बोलावणं आलं की बोट सुजलंय म्हणायचे. लोक ओळखून होते, पुन्हा कोणी विचारलं नाही.

पुढच्या थंडीत आमची एक पिवळी मेंढी पडली. काहीतरी विषारी खाल्लं असावं. पोट फुगलं, मान टाकली, दिवस भरलेले होते. मी आबांना हाक मारली. ते आले, बघितलं आणि कुंपणाशी खाली बसले. मी म्हटलं, आबा, सुरी आणू का? त्यांनी दोन्ही हात घोंगड्यात घातले. मी मेंढीच्या पोटावर पंजा ठेवला, त्यांच्यासारखा. आतून एक खूर माझ्या तळव्याला लागला. मग मी कोणालाही विचारलं नाही. घरातून सुरी आणली, मायला बोलावलं, मायनं पाय धरले आणि मी कापलं. कापताना मी मोठ्यानं रडत होते. वेडंवाकडं कापलं, आजही त्याची लाज वाटते, पण कोकरू निघालं. मी त्याच्या नाकातला चिकटा काढला आणि ते शिंकलं. माय त्याला पोत्यात गुंडाळून चुलीकडे धावली.

मी तिथेच मातीत बसले होते, हात कोपरापर्यंत भरलेले. आबांनी माझ्या हातातली सुरी काढून घेतली आणि तिच्याकडे बघत, कोणी काही विचारलं नसताना, म्हणाले, "रुक्मीच्या पोटावर हात ठिवलाता, तवा आत हलत व्हतं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी विचारलं, "मग न्हाई का म्हणलात?"

"व्हय म्हणलो असतो तर तुजी माय गप बसली नसती. आन् मला कापावं लागलं असतं." सुरी मातीत पुसत ते म्हणाले, "मेंढी माजी हाय, पोरी. रुक्मी झरीकराची व्हती."

मी मान वर केली. माय पोत्यातलं कोकरू छातीशी धरून कुंपणाच्या फाटकात उभी होती. कोकरू श्वास घेतंय, एवढं सांगायला ती परत आली होती.